झेरॉक्सच्या दुकानातला रेझ्युमे आणि त्यातून होणाऱ्या चुका

सोलापुरात नोकरीसाठी अर्ज करायचा म्हटलं की बरीच मुलं आधी झेरॉक्स-डीटीपीचं दुकान गाठतात. तिथे एक तयार फाइल असते. नाव, नंबर, मार्क बदलले की दहा मिनिटांत प्रिंट हातात. पुढचं बरंचसं नुकसान या दहा मिनिटांतच होतं.

टॉवेल कारखान्यात तीन वर्षं हिशेब सांभाळलेल्या एका मुलाचा रेझ्युमे असाच तयार झाला. मोबाइल नंबर बदलला, पण मेल आयडी आधीच्या गिऱ्हाइकाचा तसाच राहिला. मुलाखतीचं बोलावणं त्या मेलवर गेलं. त्याला कळेपर्यंत जागा भरली होती.

मेल बरोबर असता तरी आत काय होतं? वर ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवणे’ हे उद्दिष्ट तीन ओळींत, आणि तीन वर्षांच्या अनुभवापुढे एकच ओळ: ‘अकाउंट्सची सर्व कामे’. प्रत्यक्षात तो रोज टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पन्नास-साठ व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) टाकत होता, सुताच्या खरेदीची बिलं जुळवत होता, माल पाठवताना लागणारं ई-वे बिल काढत होता. जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रासाठी ११ तारखेच्या आत विक्रीची यादी तयार करायची, कामगारांच्या पीएफचं चलन १५ तारखेच्या आत भरायचं आणि जीएसटीआर-३बी या करभरणीच्या विवरणपत्रासाठी २० तारखेच्या आत आकडे जुळवायचे, हेही त्याच्याकडेच होतं. यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं. मालकाला नेमका असाच माणूस हवा असतो, पण ‘सर्व कामे’ वाचून त्याला काहीच कळत नाही.

म्हणून कॉम्प्युटर उघडण्याआधी वही घ्या. कामावरचा एक साधा दिवस आठवा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाताने काय केलं ते लिहून काढा. मग महिन्यातून एकदाच येणारी कामं जोडा. त्यातल्या चार ते सहा ओळी निवडा. प्रत्येक ओळीत काय केलं, कशावर केलं आणि किती केलं हे आलं पाहिजे. आकडा आठवत नसेल तर सोडून द्या, मनाने टाकू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. याला दोन संध्याकाळी लागतात. तेवढा वेळ द्यायचा नसेल तर पन्नास ठिकाणी अर्ज टाकूनही उपयोग नाही.

अनुभव नाही? आयटीआयच्या मुलांनी लेथवर कोणता जॉब केला, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने किती बारीक माप घेतलं, ते लिहावं. एमएस-सीआयटी झालंय एवढं पुरत नाही. एक्सेलमध्ये व्हीलुकअप (यादीतून हवी ती माहिती शोधणं) आणि पिव्होट टेबल (आकड्यांचा गोषवारा) येतं का, ते सांगा. टायपिंगची परीक्षा दिली असेल तर भाषा आणि वेग दोन्ही: मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. ‘एक्सेल ८० टक्के’ अशा रंगीत पट्ट्यांतून कुणालाच काही समजत नाही.

एक चूक खास आपल्या गावची आहे आणि ती बघून खरंच वाईट वाटतं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं भाषांच्या रकान्यात ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ एवढंच लिहितात. घरची भाषा लिहायची त्यांना लाज वाटते. अहो, इथल्या किती कारखान्यांत मागावरच्या कामगारांशी तेलुगूत बोलावं लागतं! विजयपूर, कलबुर्गीकडची वसुली कन्नडमधून होते, हैदराबादच्या व्यापाऱ्याशी तेलुगूत बोललं की काम लवकर होतं. सुपरवायझर, सेल्स, डिस्पॅच, हॉस्पिटलचं रिसेप्शन, सगळीकडे ही भाषा म्हणजे कमाईचं कौशल्य आहे. स्पष्ट लिहा: ‘तेलुगू: बोलता येते. कन्नड: बोलता-वाचता येते.’

वडिलांचं नाव, जात, उंची, वैवाहिक स्थिती हा लग्नाचा बायोडाटा झाला. खासगी नोकरीला यातलं काही नको. आधार आणि पॅन नंबर तर कधीच टाकू नका; कागद कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. सरकारी भरतीला मात्र जाहिरातीतला नमुना असेल तसाच भरायचा.

नोकरीत खंड असेल तर लपवू नका. ‘जून २०२१ ते मार्च २०२४’ असे महिने लिहा. नुसती वर्षं पाहिली की वाचणाऱ्याला शंका येते.

पुण्याला अर्ज करताना खाली नुसतं ‘सोलापूर’ असलं की हा येईल का, कधी येईल, हा प्रश्न उरतो. पत्त्याशेजारीच लिहा: ‘पुण्यात राहायला तयार, १५ दिवसांत रुजू होऊ शकतो.’

आता फाइल. छापील कागदाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका. तो चित्र असतो, कंपनीच्या सॉफ्टवेअरला त्यातली अक्षरं वाचणं अवघड जातं. कॅनव्हा या डिझाइनच्या साइटवरच्या दोन रकान्यांच्या डिझाइनमध्ये डावी-उजवी वाक्यं एकमेकांत मिसळू शकतात. वर्डमध्ये एकच रकाना, ११ चा फॉन्ट, एक पान, आणि ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ. मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडच (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरं) वापरा. दुकानातल्या जुन्या फॉन्टची वर्ड फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

पाठवण्याआधी पीडीएफ उघडून सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे ओळी क्रमाने आल्या तर फाइल ठीक आहे. फाइलला ‘न्यू फायनल २’ नव्हे, तुमचं नाव आणि पद द्या. मग त्यातला नंबर दुसऱ्या फोनवरून लावून बघा, आणि त्यातल्याच मेल आयडीवर ती फाइल आधी स्वतःला पाठवा.