लग्नाची फोटोग्राफी आणि जीएसटी: या चुका टाळा

फोटोग्राफीवर जीएसटी १८ टक्के, ९ केंद्राचे ९ राज्याचे, एवढं सगळ्यांना माहितीये. पैसे जातात ते रेट सांगताना. मुलीच्या वडिलांना आपण व्हॉट्सॲपवर टाकतो "दीड लाख, सगळं धरून", ते हो म्हणतात आणि लग्न झाल्यावर आपण वर २७ हजार टॅक्स मागितला की ते म्हणतात अहो तुम्हीच सगळं धरून सांगितलं होतं ना, आणि त्यांचं बरोबरच असतं. मग टॅक्स त्याच दीड लाखातून जातो. १८ ने गुणा, ११८ ने भागा, २२,८८१ रुपये गेले, आणि कँडिडवाला, ड्रोनवाला, अल्बम यांचे पैसे अजून द्यायचेच आहेत! म्हणून कोटेशनमध्ये "जीएसटी १८% वेगळा" ही ओळ पहिल्याच दिवशी टाका. नोंदणी नसेल तर मात्र ग्राहकाकडून जीएसटीच्या नावाने एक रुपयाही घ्यायचा नाही.

आता नोंदणी कधी? महाराष्ट्रात आणि गोव्यात सर्व्हिससाठी वर्षाला २० लाख. ४० लाख ऐकलंय ना, ते फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. आणि हे २० लाख म्हणजे नफा नाही, एकूण बिलिंग. "माझ्या हातात आठच लाख राहतात" हे तिथे चालत नाही. एकाच पॅनवरचं सगळं धरतात, स्टुडिओ, क्लास, अगदी घरभाडंसुद्धा. लिमिट ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करा.

बयाण्याचं तर बहुतेकांना माहितीच नसतं. मालावर ॲडव्हान्सला टॅक्स नाही, सर्व्हिसवर आहे. लग्न डिसेंबरात असलं तरी ५० हजार सप्टेंबरात घेतले तर टॅक्स सप्टेंबरच्याच रिटर्नमध्ये, महिन्याला भरत असाल तर २० ऑक्टोबरपर्यंत. पावतीला रिसीट व्हाउचर बनवा.

अल्बमचं वेगळं बिल करून टॅक्स वाचवू नका, पॅकेज एकच असेल तर मुख्य काम फोटोग्राफीच आणि सगळ्यावर १८.

कॅमेरा घेताना बिल फाडायच्या आधी जीएसटी नंबर सांगा. दोन लाखांच्या बॉडीवर ३६ हजारांचं क्रेडिट असतं, म्हणजे खरेदीवर दिलेला तो टॅक्स आपल्याला भरायच्या टॅक्समधून वजा होतो, नुसत्या नावावर बिल केलं तर ते मिळत नाही. शूटला जायला घेतलेल्या कारचं क्रेडिट मात्र मिळत नाही.

५० लाखांच्या आत असाल तर ६ टक्क्यांची कंपोझिशन स्कीम आहे, म्हणजे १८ ऐवजी एकूण बिलिंगवर ६ टक्के भरायचे, पण त्यात क्रेडिट नाही, टॅक्स बिलात वेगळा दाखवता येत नाही आणि परराज्यातली ऑर्डर घेता येत नाही. कंपनीच्या इव्हेंटची कामं करत असाल तर मी तरी घेऊ नका म्हणेन, त्यांना क्रेडिट लागतं.

आणि बयाणा दाखवायचा राहिलाच असेल तर घाबरू नका, पुढच्या रिटर्नमध्ये टाका, वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज भरा. राहिलेलं क्रेडिट, बिल ज्या आर्थिक वर्षातलं आहे ते मार्चमध्ये संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, त्यामुळे कॅमेऱ्याचं बिल चुकलं असेल तर दुकानदाराकडे याच आठवड्यात जा.