आंधळ्या जहागीरदाराच्या कविता वाचायला बसताना

सोळाव्या शतकातलं स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडची इंग्रजीच्या जवळची भाषा, शिकायची असेल, तर विल्यम डनबार या कवीपासून सुरुवात करू नका. मी केली आणि दोन महिने कोशातच रुतून बसले. मग हाती लागला सर रिचर्ड मेटलंड (१४९६–१५८६): एडिंबरापूर्वेच्या हॅडिंग्टनजवळ लेदिंग्टनचा जमीनदार, न्यायाधीश आणि उतारवयात पूर्ण आंधळा.

त्याची 'ब्लाइंड बॅरन्स कम्फर्ट' (आंधळ्या जहागीरदाराचा दिलासा) ही कविता आधी घ्या. कवितेवरचा मथळा तर पंचनामाच आहे! १५७० च्या मे महिन्यात रोलंड फॉस्टर हा इंग्रज किल्लेदार ३०० माणसं घेऊन त्याच्या ब्लाइथच्या जमिनीवर आला. लूट काय, तर ५००० मेंढ्या, २०० 'नोल्ट', ३० घोडे-घोड्या. 'नोल्ट' म्हणजे गुरं, हे कळायला माझी अख्खी दुपार गेली, कारण इंग्रजी कोश उघडून बसले होते. जुन्या स्कॉट्सचा वेगळा कोश ऑनलाइन फुकट मिळतो, तोच वापरा. 'ब्लाइथ'चा दुसरा अर्थ आनंदी. गाव नागवलं गेलं तरी आंधळ्या, तू ब्लाइथ राहा, असं चौऱ्याहत्तरीतला म्हातारा स्वतःलाच सांगतो.

आणि मोठ्यानं वाचा. 'क्यू-यू-एच' दिसलं की 'व्ह' म्हणायचं. डोळा अडखळतो तिथे कान पुढे जातो.

कवी म्हणून मेटलंड मला मध्यमच वाटतो, कुरकुर फार. पण त्याच्या घरात दोन हस्तलिखितं तयार झाली. मोठ्या आकाराच्या 'फोलिओ'त डनबार, हेन्रिसन, डग्लस या कवींच्या कविता आहेत. डनबारच्या कित्येक कविता या बाडामुळेच टिकून राहिल्या. लहान आकाराच्या 'क्वार्टो'वर १५८६ साल आणि मुलगी मेरी हिचं नाव आहे. दोन्ही पुढे सॅम्युएल पेप्स या इंग्रज रोजनिशीकाराकडे गेली आणि आज केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. तिथं जायची घाई नको. स्कॉटिश टेक्स्ट सोसायटीनं छापलेल्या, क्रेगी या संपादकाच्या आवृत्त्यांवर पहिलं वर्ष सहज निघतं.

प्रबंधाचा विषय निवडताना सगळे क्वार्टोतल्या ४९व्या कवितेकडे धावतात. एका स्त्रीनं दुसरीवरच्या प्रेमाबद्दल बोललेली ती कविता आहे, निनावी. काहींच्या मते मेरीचीच. सुंदर आहे, पण गर्दी फार. मी लांबलेल्या दाव्यांविरुद्ध तक्रार करणारी मेटलंडची कविता घेतली. न्यायाधीशच कोर्टाच्या दिरंगाईवर वैतागलेला! ती वाचताना कोश जवळजवळ लागलाच नाही. आमच्या घरी जमिनीचा दावा आजोबांपासून चालू आहे.