पूरक पुस्तक घेण्याआधी एवढं बघा

फँटसी मालिका संपली की हात आपोआप पूरक पुस्तकांकडे, म्हणजे त्याच जगाची जास्तीची माहिती देणाऱ्या पुस्तकांकडे जातो. पण आधी घरात आहे ते वाचून काढा. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या खंडामागची परिशिष्टं बरेच जण चाळूनही बघत नाहीत. अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेनची गोष्ट नेमकी तिथेच आहे, शिवाय कालपट आणि वंशावळीही. त्यानंतर त्याच जगाच्या आधीच्या काळातल्या कथांचं 'द सिल्मरिलियन' (1977) घ्या. नावांचा गुंता होतोच, म्हणून शेवटच्या नामसूचीत एक बुकमार्क कायमचा ठेवून द्या.

आवृत्तीही नीट तपासा. हॅरी पॉटरच्या जगातलं 'फँटॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम' 2001 मध्ये आलं, तेव्हा ते हॅरीचंच पाठ्यपुस्तक असल्यासारखं छापलं होतं: समासात हॅरी आणि त्याचा मित्र रॉन यांची खरड, शेरे, टवाळी. 2017 च्या आवृत्तीत काही नवे प्राणी आले, पण ती खरड गेली. माझं मत विचाराल तर जुनी प्रत शोधा, सेकंडहँड चालेल. मजा तिथेच आहे. याच नावाचं चित्रपटाच्या पटकथेचं पुस्तकही मिळतं, ऑनलाइन मागवताना गल्लत करू नका.

नकाशांचं पुस्तक छापीलच घ्या. ई-रीडरच्या छोट्या पडद्यावर गावांची नावं वाचता येत नाहीत. आणि मालिका अर्धीच झाली असेल, तर पात्रकोश उघडूसुद्धा नका. कोण कधी मरतं, ते पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.