सूर्यकिरणच्या शोमध्ये नवीन मॅन्युव्हर कसा पकडायचा

सूर्यकिरण म्हणजे भारतीय वायुसेनेची हवाई कसरती करणारी नऊ विमानांची टीम. तिच्या शोला जाताना बरेच जण आकाशातलं हार्ट आणि तिरंगी धूर एवढंच डोक्यात ठेवून जातात आणि ते दोन्ही दिसलं की खूश होऊन घरी येतात. छानच आहे ते, पण टीमने यावेळी प्रोग्राममध्ये नवीन मॅन्युव्हर, म्हणजे नवीन कसरत, कोणती घातलीय हे तुम्हाला खरंच पकडायचं असेल तर आकारांपेक्षा त्यांच्यामधल्या जोडांकडे बघायला शिका. जोड म्हणजे एक फॉर्मेशन (विमानांची रचना) मोडून दुसरं तयार होतानाचे ते थोडे सेकंद, लोक टाळ्या वाजवत असतात, मोबाइल खाली करतात आणि नेमकं तेव्हाच वर सगळ्यात अवघड काम चाललेलं असतं.

तयारी घरूनच सुरू करा. आधीच्या शोचे एक-दोन पूर्ण व्हिडिओ बघा, पूर्ण म्हणजे पहिल्या पासपासून (पास म्हणजे प्रेक्षकांसमोरून एकदा उडत जाणं) शेवटपर्यंत, हायलाइट्स नकोत, आणि कागदावर क्रम लिहून काढा. पहिलं काय, मग काय, लूप (आकाशात उभं वर्तुळ) किती, रोल (गिरकी) किती, नऊ विमानं कुठे फुटतात, परत कुठे एकत्र येतात. व्हिडिओ निवडताना एक बघा, विमान हॉक असलं पाहिजे. ही टीम म्हणजे वायुसेनेची ५२ स्क्वाड्रन, १९९६ साली बिदरला सुरू झाली तेव्हा किरण मार्क २ उडवायची, २०११ मध्ये टीम थांबली आणि २०१५ मध्ये हॉक एमके १३२ घेऊन परत आली. किरणच्या काळातला व्हिडिओ आजच्या शोशी ताडून बघितला तर तुम्हाला सगळंच नवीन वाटेल, त्याचा काही उपयोग नाही.

शोचे साधारण दोन भाग धरा. पहिल्या भागात नऊच्या नऊ विमानं एकत्र, डायमंड, अ‍ॅरोहेड, तेजस असे आकार बदलत लूप आणि रोल. दुसऱ्या भागात टीम फुटते, एक मोठा गट राहतो आणि सिंक्रोवाले, म्हणजे समोरासमोरून येऊन कसरती करणारी जोडी, वेगळे होतात, मग क्रॉस, हार्ट, डीएनए वगैरे. हे डोक्यात असलं की गोंधळ कमी होतो.

आता उभं कुठे राहायचं, आणि हे फार महत्त्वाचं आहे कारण सगळा शो एका बिंदूकडे तोंड करून बसवलेला असतो. त्याला शो सेंटर म्हणतात, साधारणपणे मुख्य पाहुण्यांच्या मांडवासमोरची जागा. सिंक्रोची दोन विमानं समोरासमोरून येतात आणि आता धडकणार असं वाटतं, त्यांच्यात खरं तर बाजूला अंतर ठेवलेलं असतं पण ते अंतर तुमच्या नजरेच्या रेषेतच येतं म्हणून दिसत नाही. तुम्ही एक किलोमीटर बाजूला उभे असाल तर क्रॉस भलतीकडेच होतो आणि हार्ट चेपलेलं दिसतं. पण दोन दिवसांचा शो असेल तर एक दिवस सेंटरला आणि एक दिवस मुद्दाम कडेला उभे राहा असं मी सांगेन, कारण विमानं फुटल्यावर परत कशी जुळतात ते कडेवरून जास्त नीट कळतं.

सूर्याचाही विचार करा. जानेवारी २०२४ मध्ये १२ ते १४ तारखेला मुंबईत मरिन ड्राइव्हला शो झाला होता, जागा म्हणून अप्रतिम, समोर मोकळा समुद्र, पण तिथे तोंड पश्चिमेकडे असतं त्यामुळे दुपार कलली की ऊन थेट डोळ्यात. टोपी आणि चांगला गॉगल पाहिजेच. दुर्बीण नेणार असाल तर ८ पटीची पुरे, जास्त पॉवरच्या दुर्बिणीत विमान सापडेपर्यंत पास संपतो.

आवाजाच्या मागे जाऊ नका. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास ३ सेकंद लागतात आणि ताशी ६०० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्यात अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं, म्हणून आवाज जिथून येतोय त्याच्या बरंच पुढे नजर टाका. क्रॉसच्या वेळी तर एक बाजू डाव्या डोळ्याने आणि दुसरी उजव्या डोळ्याने असं जमत नाही, मधल्या जागेवर नजर ठेवून थांबायचं, दोघं आपोआप तिथे येतात.

आता मुख्य गोष्ट. नऊच्या फॉर्मेशनमध्ये सगळ्यात बाहेरचं एक विमान निवडा आणि पूर्ण बॅरल रोलभर (मोठ्या वर्तुळात गिरकी घेत पुढे जातात तो रोल) फक्त तेच बघा. लीडर जेवढं वर्तुळ काढतो त्यापेक्षा बाहेरच्याला मोठं वर्तुळ काढायचं असतं, तेही तेवढ्याच वेळात, त्यामुळे त्याला वर जाताना जास्त पॉवर लागते आणि आत येताना झटकन कमी करावी लागते. हॉकला आफ्टरबर्नर नाही, म्हणजे ऐनवेळी जोर लावायला वेगळं काही शिल्लक नसतं, त्यामुळे लीडर स्वतः कधी पूर्ण थ्रॉटल वापरत नाही, मागच्यांसाठी पॉवर राखून ठेवतो. आणि बाहेरचा पायलट समोर आकाशाकडे बघतच नाही, त्याची नजर शेजारच्या विमानावरच्या ठरलेल्या खुणांवर खिळलेली असते, त्या खुणा एका रेषेत राहिल्या म्हणजे तो जागेवर आहे, मग जमीन वर असो की खाली. हे एकदा नीट बघितलंत की डायमंडचा अ‍ॅरोहेड होताना कोण हललं, कोण थांबलं, कोण खालून सरकलं हे दिसायला लागतं, आणि मागच्या वर्षी जो बदल सरळ उडताना व्हायचा तो यावेळी लूपच्या वरच्या टोकाला केला तर तुम्हाला लगेच कळेल. कॉमेंट्रीत कदाचित त्याचा उल्लेखही होणार नाही, पण माझ्या मते तो नव्या नावाच्या आकारापेक्षा मोठा बदल असतो.

डीएनए ओळखायला सोपा आहे, धुराच्या रेषा एकमेकींभोवती वेणीच्या पेडासारख्या फिरत जातात. तिथे पेड सगळीकडे सारखे पडलेत का आणि शेवटी विमानं किती पटकन सावरून एकत्र आली ते बघा. हार्टमध्ये दोघं वर जाऊन फुटतात आणि उलट्या बाजूंनी खाली येऊन भेटतात, खालचं टोक नीट जुळलं तर समजायचं टायमिंग अचूक आहे.

एखादी गोष्ट ऐकली होती पण शोमध्ये दिसलीच नाही तर लगेच निराश होऊ नका, आधी ढग बघा. लूपला उंची लागते, ढग खाली असतील तर उभे मॅन्युव्हर गाळून आडवे पास आणि टर्न करतात, अशा टीमकडे हवामानाप्रमाणे वेगवेगळे प्रोग्राम तयार असतात. नवीन काही बसवायचं तर आधी जमिनीवर पायी चालत सराव, मग दोन-तीन विमानं घेऊन भरपूर उंचीवर, मग हळूहळू खाली आणि जास्त विमानं, प्रत्येक सॉर्टीनंतर (उड्डाणानंतर) व्हिडिओ बघून चुका काढायच्या. सरावातही धोका तेवढाच असतो. १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूच्या येलहंकाला एरो इंडिया या हवाई प्रदर्शनाच्या सरावात दोन हॉक हवेत आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. म्हणून आदल्या दिवशीची रिहर्सल बघायला मिळत असेल तर ती शोइतक्याच आदराने बघा, आणि जरूर बघा, गर्दी कमी असते आणि क्रम ताडायला निवांत वेळ मिळतो.

धुराबद्दल थोडं. तेल जेटच्या गरम झोतात सोडलं की त्याचा पांढरा धूर होतो, रंगासाठी त्यात डाय (रंगद्रव्य) लागतो. तिरंगी धूर सोडणारी उपकरणं, म्हणजे स्मोक पॉड, नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झालेत, आपल्याकडच्या लोकांनी हे नक्की लक्षात ठेवावं. धूर फक्त शोभेचा नसतो, समोरासमोर येणाऱ्या दोघांना एकमेकांना लवकर हेरायला त्याचा उपयोग होतो. तुम्हालाही होईल, धूर कुठे सुरू झाला आणि कुठे बंद झाला हे टिपत जा, नवीन मॅन्युव्हरची सुरुवात आणि शेवट तिथेच कळतो.

कॅमेरा असेल तर शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, एक्सपोजर थोडं वाढवा नाहीतर विमानं काळी येतात. मोबाइल असेल तर झूम न करता पूर्ण आकाश घ्या, नंतर क्रम तपासायला तोच व्हिडिओ कामाला येतो. लहान मुलं सोबत असतील तर कानात घालायला काहीतरी न्या. ड्रोन अजिबात नको. आणि डबा नेला असेल तर उष्टं, हाडं, पिशव्या काहीही मैदानात टाकू नका, त्यावर घारी आणि कावळे येतात आणि कमी उंचीवर एक पक्षी इंजिनात गेला तरी विमान आणि पायलट दोघांच्या जिवावर बेततं, एरो इंडियाच्या वेळी येलहंकाच्या आसपास मांसविक्री बंद ठेवतात ती त्यासाठीच. रिकामी पिशवी खिशात ठेवून जा आणि सगळा कचरा त्यात भरून घरी आणा.