नागपूरच्या उन्हाळ्यासाठी कूलर कसा निवडावा

होळीच्या सुमारास नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि ज्यांचा जुना कूलर गंजलेला असतो ते दुकानात जाऊन बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो टाकीचा : किती लिटरची आहे? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. टाकीवरून पाणी किती वेळाने भरावे लागेल एवढेच कळते; खोली किती थंड होईल हे पंख्याच्या झोतावर, ताट्यांवर (कूलरच्या बाजूंना बसवलेल्या, पाण्याने भिजत राहणाऱ्या पॅडवर) आणि आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट आहे की नाही यावर ठरते.

मे महिन्यात दुपारी पारा 44 अंशांवर आणि हवेतील आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे 23 अंश दाखवतो. ही कूलरची खालची मर्यादा होय. चांगल्या, पूर्ण भिजलेल्या ताट्या या 21 अंशांच्या फरकापैकी सुमारे 80 टक्के फरक भरून काढतात, म्हणजे झोत 27 अंशांच्या जवळपास मिळतो. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर निष्प्रभ ठरतो, आणि म्हणूनच मुंबईच्या नातेवाइकांचा कूलरविषयीचा सल्ला आपल्याकडे लागू पडत नाही.

खरेदीला जाण्यापूर्वी खोली मोजावी. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला दोनने भागावे. येणारा आकडा म्हणजे दर मिनिटाला लागणारी हवा, घनफुटांत. 12 बाय 12 फुटांची आणि 10 फूट उंचीची खोली 1440 घनफुटांची होते, म्हणून तिला सुमारे 720 घनफुटांचा झोत लागतो. वर थेट गच्ची तापत असेल तर हा आकडा एकतृतीयांशाने वाढवावा. माहितीपत्रकात बहुधा ताशी घनमीटर छापलेले असतात, तेव्हा आपल्या आकड्याला 1.7 ने गुणून ताडून पाहावे. ‘मोठ्या हॉलसाठी पुरेसा’ अशा तोंडी आश्वासनावर कूलर घेऊ नये.

हवा बाहेर पडण्याच्या वाटेकडे मात्र जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. आमच्या घरी एक उन्हाळा आम्ही कूलर खोलीत ठेवून दारे-खिडक्या लावून झोपत होतो. पहाटेपर्यंत अंथरूण दमट होई आणि जीव गुदमरल्यासारखा होई, कारण ओली झालेली तीच हवा पुन्हा पुन्हा ताट्यांतून फिरत होती. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर असावा, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत, आणि समोरच्या बाजूची खिडकी 1000 घनफुटांच्या झोतामागे साधारण दोन चौरस फूट उघडी ठेवावी. ज्या फ्लॅटमध्ये अशी सोय नाही, तिथे कूलरचा आग्रह न धरणे बरे.

ताट्यांमध्ये वाळ्याला तोड नाही, असे मी सुगंधाच्या ओढीने म्हणेन; पण वाळा काय किंवा वुडवूल (लाकडाचा बारीक भुसकट्यासारखा कीस) काय, दर हंगामात बदलावे लागते. हनीकॉम्ब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे कागदी पॅड) महाग असले तरी काही हंगाम टिकतात आणि सारखे भिजतात. बोअरचे पाणी जड असेल तर कोणत्याही ताटीवर पांढरा क्षार चढतो आणि हवा अडते, म्हणून ते पाणी टाकीत साचून आटत राहू न देता अधूनमधून पूर्ण बदलावे.

आता टाकी. वर हिशेब केलेला 720 घनफुटांचा कूलर भर दुपारी तासाला नऊ-दहा लिटर पाणी पितो, तेव्हा 50 लिटरची टाकी जेमतेम पाच तास पुरते. रात्री उठायचे नसेल तर मोठी टाकी घ्यावी किंवा नळाला जोडून फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी तोटी) बसवावा.

पत्र्याचा कूलर दुरुस्तीला सोपा असतो आणि त्याची मोटर, पंप, ताट्या नागपूरच्या इतवारी बाजारात सहज मिळतात, तर फायबरचा गंजत नाही. लहान मुले असलेल्या घरात मी फायबरचाच सुचवेन, कारण पत्र्यात वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येत राहतात. कूलर कोणताही असो, तीन पिनांचा प्लग आणि घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि 30 मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. हा खर्च कूलरच्या किमतीतच धरावा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी, कारण डेंग्यूच्या डासाची पैदास अशाच साचलेल्या पाण्यात होते. आणि घासताना काय किंवा पाणी भरताना काय, आधी प्लग काढून मगच हात लावावा.