काळ्या मातीत घर बांधताय? या चुका टाळा

टाइल्सचा रंग आणि दरवाजाची नक्षी यांवर घरात महिनाभर चर्चा चालते. पाया किती खोल न्यायचा हे मात्र मिस्त्री एकटाच ठरवून मोकळा होतो. अमरावती, यवतमाळ, वर्ध्याकडच्या भारी जमिनीत घराला तडे जाण्याची सुरुवात बरेचदा इथूनच होते.

मे महिन्यात मिस्त्री म्हणतो, "चार फुटांवर टणक लागली भाऊ, बस झालं." तो खोटं बोलत नसतो, पण तो टणकपणा उन्हाचा असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वावरात आपण ते दरसाल पाहतो, पण घराखाली तीच माती आहे हे विसरतो. खोदकाम पक्क्या मुरमापर्यंत न्या. मुरूम फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगवटा असलेले खांब, हा मार्ग आहे. पण तो इंजिनिअरला जागा दाखवूनच. त्याची फी तडे बुजवण्यापेक्षा स्वस्त पडते. खड्डे उघडे असताना पाऊस झाला तर तळाचा चिखल काढल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नका.

खोदून निघालेली काळी माती पुन्हा प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, भरणं ही दुसरी चूक. मुरमाच्या दोन-चार ट्रॉल्या वाचतात आणि पुढे फरशी उचलते. मुरूमच भरा, सहा-सहा इंचांचा थर, पाणी आणि धुमस.

घर आधीच बांधून झालंय आणि तडे दिसतायत? प्लास्टरवरच्या केसाएवढ्या रेषांनी घाबरू नका. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा तिरपा चढणारा तडा मात्र वेगळा. त्याच्या टोकांवर पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल तर दोष बहुधा खालच्या मातीचा. नुसतं सिमेंट भरून तो थांबणार नाही. मोरीचं आणि पन्हाळीचं पाणी भिंतीपासून लांब न्या, घराभोवती उताराचा पक्का पट्टा करा, भिंतीलगत मोठं झाड लावू नका. तरीही तडा वाढत राहिला तर इंजिनिअरला बोलवा.

स्लॅब एप्रिल-मेमध्ये उरकायची घाई असते, आणि नेमकी तेव्हाच विहीर आटलेली. गावात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं. त्याला, शिवाय अशा उन्हात, किमान 10 दिवस ओलावा हवा. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओला बारदाना गुंडाळा. पाण्याची खात्री नसेल तर पावसाळ्याआधी प्लिंथपर्यंतच या आणि स्लॅब दिवाळीनंतर घ्या. घाईने टाकलेल्या स्लॅबपेक्षा मला हे केव्हाही बरं वाटतं.

काँक्रीट सरसर पसरावं म्हणून मजूर पाणी वाढवतात. 50 किलोच्या पोत्याला साधारण 25 ते 27 लिटर पुरे. रेती ओली असेल तर त्याहून कमी. सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) निघाल्यावर कॉलममध्ये गिट्टी उघडी दिसली तर प्लास्टरने झाकण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

आता पैशाचं. चौरस फुटाच्या दरात सेंट्रिंग, जिना, ओटे, संडासाची टाकी धरली की नाही, हे आधी कागदावर लिहून सह्या घ्या. भांडणं इथेच होतात. हप्ते तारखेवर नको, कामाच्या टप्प्यावर द्या: प्लिंथ, लिंटेल (दार-खिडक्यांवरची पट्टी), स्लॅब, प्लास्टर. स्लॅबच्या हप्त्यातली थोडी रक्कम पाणी मारण्याचे दिवस पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा, आणि पाणी कोण मारणार त्याचं नावही त्याच कागदावर लिहून घ्या.