खेळण्याचं खोकं आधी उलटं करून बघा

खेळण्यांच्या दुकानात माल मांडायचं काम मी बरीच वर्षं केलं. मांडणीचा नकाशा वरून यायचा: कोणत्या फळीवर कोणतं खोकं, डोळ्यांच्या उंचीला कोण, खाली वाकून कोण शोधायचं. त्याबरहुकूम मी एकीकडे गुलाबी भिंत उभी करायचे आणि समोर निळी-काळी. एकदा चारेक वर्षांचा एक मुलगा जांभळ्या आयाळीचा घोडा घेऊन उभा होता. वर पाटी, ‘मुलींसाठी’. त्याला वाचता येत नव्हतं, बहिणीने वाचून दाखवली. त्याने घोडा जागेवर ठेवला. टाकला नाही, नीट ठेवला, तोंड पुढे करून, मी ठेवते तसा. ती पाटी मीच लावली होती.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी खेळणं घ्यायला निघालं की मी आगाऊपणे बरोबर जाते. तिथे काय बघते ते सांगते.

खोकं हातात आलं की उलटं करा. पुढची बाजू विकायला असते, खरी माहिती मागे: तुकडे किती, हलतं काय, सेल लागतात का. मग क्रियापदं वाचा. एका खोक्यावर सजव, नटव, सांभाळ. दुसऱ्यावर बांध, लढ, पळव. मनात अदलाबदल करा. घोड्याला ‘पळव’ चालतं की नाही? आणि लढून थकलेल्या यंत्रमानवाला ‘सांभाळ’? चालत असेल, तर ते क्रियापद खेळण्याचं नाही, खोक्याचं आहे.

नावाचंही तसंच. 1964 साली हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी-कंपनीने जी. आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. उंची साधारण 30 सेंटीमीटर, अंगावरचे कपडे बदलता येतात, बरोबरचं सामान वेगळं विकत मिळतं. आता ही बाहुली नाही तर काय? पण मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून तिला ‘ॲक्शन फिगर’ म्हणायचं ठरलं, आणि तो शब्द सगळ्या धंद्याने उचलला. त्यामुळे ‘आमचा बाहुल्या खेळत नाही हो’ असं कुणी म्हणालं की मी त्याच्या कपाटात किती ॲक्शन फिगर आहेत ते विचारते.

कधीकधी मात्र फरक खोक्यापुरता राहत नाही, खुद्द खेळण्यात शिरतो. तिथे पाकिटावर विसंबू नका, उघडा नमुना असेल तर हातात घ्या. प्लास्टिकच्या विटा जोडायचे संच करणाऱ्या लेगोने 2012 साली मुलींसाठी म्हणून ‘फ्रेंड्स’ हे संच आणले, तेव्हा 1978 पासूनचा चौकोनी ठोकळ्यासारखा माणूस सोडून सडपातळ मिनी-डॉल घडवली. जुन्या माणसाचे पाय एकेक करून हलतात, मनगट फिरतं. मिनी-डॉलचे दोन्ही पाय एकत्रच वाकतात, मनगट फिरतच नाही. म्हणजे दिसायला नाजूक आणि करायला कमी. माझ्या भाचीने पहिल्याच दिवशी तिला शिडीवर चढवायचा प्रयत्न केला आणि ‘हिला संधिवात आहे का?’ म्हणाली. विटा मात्र त्याच. गुलाबी वीट करड्या विटेवर तितकीच घट्ट बसते, हे विसरू नका. पुढे उपयोगी पडेल.

मालिकेवरून आलेलं खेळणं असेल तर ते पडद्याशेजारी धरून बघा. माय लिटल पोनी या रंगीत घोड्यांच्या खेळण्यांची 2010 साली सुरू झालेली मालिका घ्या. त्यातली राजकुमारी सेलेस्टिया पांढरी आहे, तिचं खेळणं आधी आलं ते गुलाबी. पांढरं नंतर निघालं. कारण ओळखायला मला मांडणीच्या नकाशाची गरज पडली नाही. मुलांना हे आपल्या आधी दिसतं, त्यांना विचारा.

आणि संचातली डोकी मोजा. कोण आहे यापेक्षा कोण नाही ते बघा. 2015 च्या स्टार वॉर्स चित्रपटाची नायिका रे. त्यावरच्या मोनोपॉलीत, म्हणजे आपल्या व्यापारासारख्या पटावरच्या खेळात, सोंगट्या चार: ल्यूक, डार्थ व्हेडर, फिन आणि कायलो रेन. रे नाहीच! पुष्कळ ओरड झाल्यावर हॅस्ब्रोने ती आणायचं कबूल केलं. नायिका हवी म्हणून मूल हट्ट धरत असेल आणि संचात ती नसेल, तर तो संच ठेवून द्या. सुटी मिळते का बघा.

दुकानात ‘मुलगा की मुलगी?’ हा प्रश्न येणारच. मीही हजारदा विचारलाय; विचारणाऱ्याचा दोष नाही, फळ्याच तशा लावलेल्या असतात. उत्तरात ‘चाकं आवडतात’, ‘काहीतरी जोडायला लागतं’, ‘प्राण्यांना झोपवायला आवडतं’ असं सांगा. विक्रेता क्षणभर गोंधळतो आणि मग दोन्ही भिंतींवरून माल काढतो. काही ठिकाणी पाट्या उतरल्याही आहेत. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकान-साखळीने 2015 साली खेळण्यांच्या विभागातून मुलगा-मुलगी असा उल्लेख काढायचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात तर 2024 पासून मोठ्या दुकानांना मुलामुलींसाठी सामायिक विभाग ठेवणं कायद्यानेच भाग आहे.

एकाच खेळण्याचे दोन रंग असतील तर तुकडे आणि किंमत शेजारी ठेवून बघा. गुलाबीत दोन तुकडे कमी आणि एक चमकी जास्त असा सौदा मी पुष्कळ बघितलाय.

घरी आलात की खोकं फेका. ‘कपाटात छान दिसतं’ म्हणून ठेवलंत तर भिंत घरात आली. सगळ्या विटा एकाच डब्यात ओता, फ्रेंड्सचं घर आणि अंतराळयान एकत्र. माझ्या भाचीच्या डब्यात सध्या यानाला गुलाबी गच्ची आहे आणि संधिवातवाली बाई तिची कप्तान आहे. जोडणीची पुस्तिका मात्र फेकू नका. तुकडा हरवला की तिच्या शेवटच्या पानांवरचा क्रमांकच कामी येतो.